खड्डा जरा खोल खणावा

‘उंची ही देवाची देणगी आहे’ हे वाक्य मला आजवर ज्यांनी ज्यांनी ऐकवले, त्यांतील एकाचीही उंची साडेपाच फुटांच्या वर नव्हती. माझी सहा फूट तीन इंच आहे. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मी शेवटचा, वर्गाच्या छायाचित्रात मागच्या ओळीच्या टोकाला, आणि शहापूरच्या आमच्या जुन्या घरात तर प्रत्येक चौकटीशी माझ्या कपाळाचे जुने वैर. परिणाम असा झाला, की वाकणे हा माझा स्वभावच बनला. दारातून जाताना वाकायचे, बसमध्ये वाकायचे, मित्रांशी बोलताना त्यांच्या उंचीला यावे म्हणून खांदे पाडायचे. आई मागून ओरडायची, “अरे, ताठ चाल की जरा!” पण ताठ चालले की सगळे बघतात, हे आईला कोण सांगणार?

असा हा उंट गेल्या वर्षी पूलच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. कॉलेज सुटल्यावर मित्रांनी ओढत नेले म्हणून गेलो, आणि त्या हिरव्या कापडाच्या प्रेमातच पडलो. सहा पॉकेटे, पंधरा रंगीत बॉल, एक पांढरा, आणि हातात क्यू. धावायला नको, उड्या मारायला नकोत. मला वाटले, हा खेळ माझाच!

क्लबाच्या भिंतीवर दोन तसबिरी होत्या. एक विल्सन जोन्स यांची, ज्यांनी १९५८ साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद भारताला मिळवून दिले. आणि दुसरी पंकज अडवाणीची. दोघांचाही जन्म पुण्याचा. पैकी अडवाणी वाढला बेंगळुरात. दुसऱ्या तसबिरीतला पवित्रा मी मनोभावे पाठ केला. मागचा पाय काठीसारखा सरळ, छाती टेबलाला समांतर, हनुवटी थेट क्यूला टेकलेली. रोज तासभर मी त्या तसबिरीसारखा दिसण्याचा प्रयत्न करीत असे. दोन महिन्यांत माझा खेळ होता तिथेच राहिला आणि कंबर मात्र गेली. रात्री कूस बदलताना कळ यायची. मान एका बाजूला धरलेली असे. आईने बामाच्या दोन बाटल्या संपवल्या आणि जाहीर केले, “तुझ्या अंगाचा हा खेळ नव्हे. सोड तो.”

एका संध्याकाळी मी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला शोभेल असा हिशेब मांडला. पूलच्या टेबलाचा पृष्ठभाग जमिनीपासून साधारण तीस इंचांवर असतो. नेम धरताना डोळे त्याच्या फूटभर वर आणायचे, म्हणजे बेचाळीस इंचांवर. माझा पाच फूट तीन इंचांचा मित्र उभा असताना त्याचे डोळे अठ्ठावन्न इंचांवर असतात. त्याला उतरायचे सोळा इंच. माझे डोळे सत्तर इंचांवर. मला उतरायचे अठ्ठावीस. टेबल मात्र दोघांना एकच! हा अन्याय वहीत लिहून मी खेळ सोडण्याचा निश्चय केला.

निरोप घ्यायला म्हणून क्लबात गेलो, तर तिथल्या म्हाताऱ्या मार्करकाकांनी थांबवले. त्यांचे मराठी अर्धे कन्नड आणि माझे कन्नड अर्धे मराठी, त्यामुळे आमचे उत्तम जमे. त्यांनी मला एक शॉट खेळायला लावला, कपाळावर हात मारला आणि म्हणाले, “सोंटा बग्गसप्पा, बेन्नल्ल!” कंबर वाकव बाबा, पाठ नव्हे.

मग त्यांनी मला एक पाऊल मागे ओढले. उंच माणूस टेबलाला चिकटून उभा राहिला की त्याच्या अंगाला खाली जायला जागाच उरत नाही. मग पाठीची कमान होते आणि सारा भार मणक्यांवर येतो. मागे सरकून, बसायला निघाल्यासारखे ढुंगण मागे नेऊन, खुब्यातून वाकले की पाठ फळीसारखी सपाट राहते. नंतर त्यांनी माझ्या दोन पायांच्या मध्ये आपला पाय घालून ते खांद्यांपेक्षा रुंद फाकवले. पाय जितके फाकतील तितकी कंबर आपोआप खाली येते. म्हणजे अठ्ठावीस इंचांतले काही इंच पायांनीच भरून काढले! गुडघेही त्यांनी जरा सैल सोडायला लावले. “पण तसबिरीत मागचा पाय सरळ आहे,” मी म्हणालो. काका म्हणाले, “तो त्यांचा पाय. नियम एकच आहे. शॉट मारताना एक पाय जमिनीवर पाहिजे.”

हातांचेही तसेच निघाले. टोक बॉलला लागते त्या क्षणी मागच्या हाताचे कोपर ते मनगट सरळ खाली लोंबकळलेले असावे, म्हणजे क्यू रेषेत जातो. माझे हात लांब. पण क्यू मी मित्रासारखाच मध्ये धरत होतो, आणि माझे कोपर आखडत होते. काकांनी माझी मूठ मागे सरकवली, तर ती क्यूच्या अगदी शेपटाला गेली. साधा क्यू सुमारे अठ्ठावन्न इंचांचा असतो. त्यांनी कपाटातून मागे जोडायचा एक तुकडा काढून लावला आणि हात सैल झाला. पुढचा हातही पांढऱ्या बॉलपासून जरा लांब टेकवायला सांगितला. मात्र तिथे बेताने, कारण अंतर वाढले की हाताची बारीकशी चूकही टोकाशी मोठी होते. शेवटी हनुवटी. ती क्यूला टेकलीच पाहिजे असे नाही. डोळे क्यूच्या रेषेवर असले म्हणजे झाले. पूर्वीचे बिलियर्ड्सपटू कितीतरी उभ्याने खेळत.

त्या दिवशी तासभर खेळूनही कंबर दुखली नाही. घरी येऊन मी ही हकिकत मोठ्या फुशारकीने आजोबांना सांगितली. आजोबा एके काळी माझ्याएवढे उंच होते, असे सगळे सांगतात. मी त्यांना पाहिले ते वाकलेलेच.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मधल्या खोलीतल्या फरशीकडे बोट करून म्हणाले, “हितं आपला माग होता. खड्डामाग. विणणारा काठावर बसायचा, पाय खाली खड्ड्यात. तो खड्डा माझ्या वडलांनी खणलेला, त्यांच्या पायाच्या मापानं. वडील ठेंगणे. मी बसलो की गुडघे वर येऊन कापडाच्या रुळाला लागायचे. मग पाय आखडून, पाठ वाकवून विणायचं.”

“मग खड्डा खोल का नाही खणलात?”

“खणला की. पण वडील गेल्यावर. धा वर्षं तसाच विणलो. त्यांना सांगायचं कसं? उंच झालो ही माझीच चूक, असं वाटायचं. खणायला दोन दिवस लागले, बघ. पण तोवर पाठ ती गेलीच.”

एवढे बोलून ते पाणी प्यायला उठले, आणि मी प्रथमच त्यांच्या पाठीकडे नीट पाहिले. मला ती आजवर म्हातारपणाची वाटत होती.

त्यानंतर माझ्या हिशेबाची वही मी पुन्हा काढली. हिशेब चुकीचा नव्हता. टेबल कोणासाठी एक इंचही उंच होत नाही हे खरेच आहे. पण उतरण्याचे अठ्ठावीस इंच कुठून काढायचे, पाठीतून की पायांतून, हे माझ्या हातात होते, आणि ते मी कोणाला विचारलेच नव्हते. दुसऱ्याच्या मापाचा पवित्रा घेऊन मी स्वतःलाच दोष देत होतो.

आता वाचकांना वाटेल, की मी कुठली तरी ढाल घेऊन आलो असेन. तसे काही नाही. क्लबातल्या स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत मी काळा बॉल नको तेव्हा पॉकेटात घालून हरलो, तोही त्याच पाच फूट तीन इंचांच्या मित्राकडून. पण टेबलाच्या पार पलीकडचे दोन बॉल मी रेस्ट न घेता, एक पाय जमिनीवर ठेवून, नुसत्या हाताने घातले, तेव्हा तो पुटपुटला, “उंची म्हणजे देवाची देणगी बाबा!”

हरल्यावर हात मिळवायला मी त्याच्यासमोर उभा राहिलो. सवयीने खांदे खाली निघाले होते. पण या वेळी मी ताठच उभा राहिलो. हात तेवढा खाली नेला.