पोत्यावरील नाव आणि पोत्यातील माल

बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी बराच काळ कर्जविभागात काढला. सांगलीच्या हळदपेठेत तारण मालाची पाहणी करायला प्रथमच गेलो, तेव्हा आमच्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी एक धडा दिला होता. पोत्यावरचे नाव वाचून नोंद करायची नाही. पोत्यात नळी खुपसून नमुना तळहातावर घ्यायचा आणि मगच लिहायचे. हा धडा निवृत्तीनंतर पुन्हा उपयोगी पडेल, आणि तोही हळदीच्या नव्हे तर रसायनांच्या दुकानात, असे मला कधी वाटले नव्हते.

माझा पुतण्या रसायनांचा घाऊक व्यापार करतो. बेकरीवाले, क्रीम-शांपू करणारे छोटे उद्योजक आणि इचलकरंजीचे कापड प्रक्रिया कारखानदार हे त्याचे मुख्य ग्राहक. मी आठवड्यातून तीन दिवस त्याच्याकडे जमाखर्च पाहायला जातो. वाणिज्य शाखेचा माणूस असल्यामुळे सुरुवातीला खरेदीवहीतील नावे नुसती उतरवून घेत असे. पण खरेदीतील जवळजवळ निम्मा माल 'इमल्सिफायर' या एकाच सदरात येतो, हे लक्षात आल्यावर कुतूहल जागे झाले.

पुतण्याने फार सोप्या रीतीने समजावले. तो म्हणाला, "काका, दूध आणि लोणी डोळ्यांसमोर आणा. दुधात पाण्यामध्ये स्निग्धाचे बारीक कण तरंगतात. लोण्यात उलट स्निग्धामध्ये पाण्याचे थेंब अडकलेले असतात. तेल आणि पाणी आपण होऊन एकत्र राहत नाहीत. त्यांच्या सीमेवर कोणीतरी मध्यस्थ लागतो." हा मध्यस्थ म्हणजे इमल्सिफायर. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. साबणही हेच काम करतो. परंतु साबणाच्या रेणूवर विद्युत्भार असतो. त्यामुळे विंधनविहिरीच्या जड पाण्यात तो फुटतो आणि आम्लातही टिकत नाही. ज्या मध्यस्थावर असा भार नसतो, तो नॉनआयनिक. जड पाणी, मीठ, आंबटपणा यांनी तो सहसा बिघडत नाही. म्हणून केकपासून कापडापर्यंत सर्वत्र त्याला मागणी आहे.

या कुळात शेकडो नावे आहेत. मग निवड करायची कशी? यावर विल्यम ग्रिफिन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये एक उपाय सुचवला. पाण्याची ओढ आणि तेलाची ओढ यांच्या समतोलाला त्याने शून्य ते वीस असा अंक दिला. त्यालाच एचएलबी म्हणतात. साधारण तीन ते सहा अंकाचे पदार्थ लोण्यासारखे, म्हणजे तेलात पाणी धरून ठेवणारे मिश्रण करतात. आठच्या पुढचे दुधासारखे, पाण्यात तेल धरणारे. ग्लिसरॉल मोनोस्टिअरेटचा अंक सुमारे ३.८, सॉर्बिटन मोनोस्टिअरेटचा, म्हणजे बाजारातील स्पॅन ६०चा, ४.७ आणि पॉलिसॉर्बेट ६०चा, म्हणजे ट्वीन ६०चा, १४.९.

दोन पदार्थ मिसळले की मिश्रणाचा अंक वजनाच्या प्रमाणात सरासरीने काढतात. हे ऐकून मला मोठा आनंद झाला. कारण वेगवेगळ्या व्याजाच्या ठेवींचा सरासरी दर काढण्यात माझे निम्मे आयुष्य गेले आहे. एका घरगुती उद्योग करणाऱ्या भगिनींची क्रीम आठ दिवसांत फुटून वर तेल साचत होते. त्या लिक्विड पॅराफिन वापरत आणि पायसकारी म्हणून फक्त स्पॅन ६० घालत. पाण्यात तेल धरणाऱ्या अशा क्रीमला दहा-बाराच्या आसपासचा अंक लागतो. अकराचा अंक साधायचा तर ६२ भाग ट्वीन ६० आणि ३८ भाग स्पॅन ६०, असे गणित मी कागदावर मांडून दिले. त्याच्या आजूबाजूच्या अंकांच्या चार बरण्या पुतण्याने त्यांना करून पाहायला सांगितल्या. कारण अंक दिशा दाखवतो. किती प्रमाणात घालावे आणि उन्हाळ्यात माल टिकेल की नाही, हे प्रयोगानेच कळते. त्यांतील एक बरणी टिकली. त्या भगिनी आजही आमच्या ग्राहक आहेत.

पण अंक जुळला म्हणजे निवड झाली, हा माझा समज लवकरच गळून पडला. पॉलिसॉर्बेट ८० हे एकच नाव खाद्यपदार्थांत, औषधांत आणि कारखान्यांतही चालते. अंक सर्वत्र पंधरा. परंतु ते तयार करताना इथिलीन ऑक्साइड वापरतात, आणि शुद्धीकरण नीट झाले नाही तर त्या वायूचा अंश किंवा डायऑक्सेन नावाची अशुद्धी मालात राहू शकते. म्हणून खाद्य, औषधी आणि औद्योगिक प्रतींची प्रमाणपत्रे वेगळी असतात. कारखान्याच्या प्रतीचा पिंप खाद्यपदार्थांच्या मांडणीत जाता कामा नये. एकाच नावाखाली तीन प्रकारचा माल असतो, ही गोष्ट हळदपेठेत वावरलेल्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही.

इचलकरंजीच्या ग्राहकांच्या बाबतीत प्रश्न निराळा होता. कापडावरील तेल आणि खळ धुण्यासाठी नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट वर्षानुवर्षे वापरले गेले. काम उत्तम, नऊ मोलच्या प्रतीचा अंक सुमारे तेरा. पण सांडपाण्यात त्याचे विघटन होऊन नोनिलफिनॉल उरते. ते दीर्घकाळ टिकते, जलचरांना विषारी ठरते आणि माशांच्या शरीरात संप्रेरकासारखे वागते. युरोपीय संघाने २००३ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध आणले. फेब्रुवारी २०२१ पासून धुण्याजोग्या कापडात ते वजनाच्या ०.०१ टक्का वा अधिक असल्यास तेथे विक्रीस मनाई आहे. वनस्पती तेलापासून मिळणाऱ्या लॉरिल अल्कोहोलचे सात मोलचे इथॉक्सिलेट गणिताने साडेबाराच्या अंकावर येते. मात्र ते किलोमागे काही रुपये महाग पडत होते. पुतण्याने सर्व ग्राहकांना दोन्ही मालांची माहिती दिली. निर्यात करणारे लगेच वळले. काहींनी जुनाच माल दुसरीकडून घेतला. आपल्या घरांत पाणी गाळून पितात. त्या गाळणीमागचा विचार पंचगंगेच्या पाण्यापर्यंत पोहोचू नये, हे मला पटत नाही. पुतण्याने तो माल ठेवणे बंद केले, तेव्हा विक्रीतील घट मीच वहीत मांडली. पण हात जड झाला नाही.

खरी परीक्षा झाली ती ग्लिसरॉल मोनोस्टिअरेटने. बेकरीच्या भाषेत जीएमएस. अंड्यातील लेसिथिन तेल-पाणी एकत्र बांधते आणि फेस धरून ठेवायला मदत करते. अंडे वगळले की ते काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते. म्हणून अंडेविरहित केकमध्ये हा पदार्थ येतो. पाकिटावर तो ४७१ या क्रमांकाने लिहिलेला असतो. आता हा स्टिअरिक आम्लाचा पदार्थ. आणि स्टिअरिक आम्ल पामतेलापासून मिळते, तसेच जनावरांच्या चरबीपासूनही मिळते. रंग, वास, अंक सारे सारखेच. ४७१ हा क्रमांक उगम सांगत नाही.

गेल्या वर्षी एका नव्या पुरवठादाराकडून स्वस्तात पंचवीस किलोची बारा पोती आली आणि लगोलग एका बेकरीला गेली. दहाएक दिवसांनी कागद लावताना मालासोबतचे पत्रक माझ्या हाती आले. उगमाच्या रकान्यात लिहिले होते : वनस्पतिज अथवा प्राणिज. मी पुतण्याला ते दाखवले. त्याने पुरवठादाराला फोन केला. उत्तर आले, "बहुतेक पामच असेल, सगळे चालवतात." लेखी द्या म्हटल्यावर मात्र उत्तर आले नाही.

तो माल प्राणिज होता, असे मी आजही म्हणत नाही. नव्हता, असे म्हणण्याइतका पुरावा माझ्याजवळ नव्हता, एवढेच. बँकेत अशा तारणावर मी एक रुपया मंजूर केला नसता. मग श्रद्धेने हिरवा ठिपका पाहून घास घेणाऱ्या माणसाला निराळा न्याय कसा लावायचा? अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने 'प्रतिरूपक व्यवहार' गणला आहे. म्हणजे अस्सलासारखा दिसणारा दुसरा माल अस्सल म्हणून देणे. पाठशाळेत तो शब्द मी पाठ केला होता. त्याचा अर्थ त्या दुपारी दुकानात कळला.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "काका, गाडी काढतो. तुम्ही बरोबर चला." बेकरीत नऊ पोती शिल्लक होती. ती परत घेतली, दुसरा लेखी प्रमाणित माल स्वखर्चाने दिला. उरलेल्या तीन पोत्यांचे काय, हे बेकरीमालकाने विचारले नाही. आम्हीच सांगितले की ती पोटात गेली आहेत आणि परत येणार नाहीत. ते रागावले, आणि त्यांचे रागावणे योग्यच होते. पुढचे दोन महिने त्यांची मागणी आली नाही. त्या काळात माझ्या नातीचा वाढदिवस होऊन गेला होता आणि केक त्यांच्याकडूनच आणला होता, हे मी घरी सांगितले. सौ. काही बोलल्या नाहीत. क्षमावाणीच्या दिवशी मी बेकरीमालकांकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि पुढच्या आठवड्याची मागणी लिहून दिली.

आता दुकानात पुतण्याने एक रिवाज घातला आहे. कोणताही इमल्सिफायर घेताना तीन प्रश्न विचारायचे. अंक किती? प्रत कोणती? उगम कोणता? पहिल्याचे उत्तर गणित देते, दुसऱ्याचे प्रमाणपत्र देते. तिसऱ्याचे उत्तर पुरवठादाराने लेखी द्यायचे. न दिल्यास माल गाडीतून उतरवून घ्यायचा नाही. क्रीम, लिपस्टिक, शांपू यांनाही हेच लागू. कारण त्यांतही स्टिअरिक आम्लाचे हेच कूळ असते.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे किराणा, बेकरी, औषधे, सौंदर्यप्रसाधने, कापड यांच्या व्यापारात आहेत. ताटातले आपण निवडून खातो. मालही तसाच निवडून विकावा. एक पत्र मागवायला फार तर आठवडा जातो. ते आधी मागवले असते, तर ती तीन पोती माझ्या वहीत नुकसानीच्या खात्यावर लिहावी लागली नसती. पैशांची रक्कम मी तेथे मांडली आहे. उरलेले कोणत्या खात्यावर लिहावे, हे छत्तीस वर्षांच्या नोकरीने मला शिकवले नाही.