पाव फेरा

शनिवारी लेगोचं वाफेचं इंजिन जोडून झालं एकदाचं! पोटात वाफ नाही, बॅटरीवरची छोटी मोटर. ती मागचा ॲक्सल फिरवते आणि पुढची चाकं दोन्ही बाजूंच्या रॉडवर ओढली जातात. निदान माझं डिझाइन तरी तसं होतं. प्रत्यक्षात इंजिन वीतभर जाई आणि अडकून बसे. दोन तास डीबगिंग. गिअर बदलले, बॅटरी बदलली. शून्य.

आजोबा सोफ्यावरून बघत होते. कुर्डुवाडीला नॅरोगेजच्या वाफेच्या इंजिनांवर फिटर होते ते. हल्ली त्यांना फारसं आठवत नाही. मला बाबांच्या नावानं हाक मारतात.

"अरे, दोन्हीकडचे रॉड एकदमच डेड सेंटरला येतायत. मग ढकलणार कोण? एका बाजूची चाकं पाव फेरा फिरवून बसव."

लेगोचा ॲक्सल अधिकच्या चिन्हासारखा असतो, त्यामुळे चाक बरोब्बर ९० अंशांत बसतं. आता एक रॉड अडला की दुसऱ्याचा जोर असतोच. इंजिन हॉलभर पळालं!

"शाब्बास!" आजोबा म्हणाले. पुढे नाव अर्थात बाबांचंच. मी दुरुस्त केलं नाही. चालत्या कोडला हात लावू नये म्हणतात.