मातोश्रींचा फलक

अंबरनाथ-बदलापूरच्या आजूबाजूच्या गावांत एखादी म्हातारी गेली की दोन दिवसांत नाक्यावर फलक लागतो. फुलांच्या चौकटीत डोक्यावर पदर घेतलेला फोटो, नावाआधी 'गं. भा.', नावापुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव. खाली दशक्रिया, उत्तरकार्य, प्रवचनाची वेळ आणि शोकाकुलांची रांग: मुलगे, पुतणे, नातू. मजकूर ठरलेला, मातोश्रींनी कष्ट केले, त्याग केला, माया लावली. हे खोटं नाही. पण शेजारच्या गावातल्या कुठल्याही फोटोखाली तो तसाच चालतो, आणि ती बाई नेमकी कोण होती ते त्यातून कळत नाही. मला वाटतं, खेड्यातल्या बायकोची, आईची आठवण ठेवायची तर तिनं काय सोसलं याच्या आधी तिला काय येत होतं ते लिहून ठेवावं.

या पट्ट्यातली भातशेतीच घ्या. उन्हाळ्यात शेण, पातेरा, टहाळ पसरून राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर बी टाकायचं, रोप वीत-दीड वीत झालं की उपटून मुठी बांधायच्या आणि चिखलात वाकून आवणी करायची. आवणी बहुतेक बायकांच्याच हातची. तरी सातबाऱ्यावर तिचं नाव चढतं ते बहुधा वारस म्हणून, म्हणजे कुंकू गेल्यावर. किंवा जूनमधल्या शेवळांचं, या रानभाजीचं पाहा. पहिल्या सरींनंतर बाजारात जुड्या येतात, आणि विकणारी बाई सोबत काकडं ही आंबट फळंही ठेवते, कारण शेवळं खाजरी. वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून काकडांच्या आंबट रसात शिजवायचं. यात चुकलात तर घसा दिवसभर खवखवतो. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. सासूच्या नाहीतर आईच्या शेजारी बसून शिकतात. 'त्याग' या शब्दात यातलं काहीच मावत नाही. उलट तो शब्द घरच्यांच्या सोयीचा आहे. जे तिला कुणी दिलंच नाही, तेही तिनं आपण होऊन सोडलं असं त्यामुळे वाटतं.

कुणी म्हणेल, प्रत्येकाची आई काही बहिणाबाई चौधरी नसते. खरंच नसते. पण बहिणाबाई आपल्यापर्यंत पोचल्या कशा? त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या जे म्हणत, ते मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांच्या मावसभावानं उतरवून घेतलं. सोपानदेव स्वतः कवी. आईवर चार हळव्या कविता करून ते थांबले असते तर जळगावची ती शेतकरीण आज कुणाला माहीत असती? आणि कवित्वाचीही अट नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवॅं या संशोधकांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या म्हणणाऱ्या बायकांच्या आणि गावांच्या नावांसकट. त्यातली कुणी स्वतःला कवयित्री म्हणवत नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: शेतं गेली, टॉवर आले, आता राब भाजायची माहिती घेऊन करायचं काय? उपयोगाच्या हिशोबानं पाहिलं तर फारसं काही नाही, हे मान्य. पण आठवण उपयोगासाठी ठेवायची नसते, आणि शेत गेलं की ही माहिती असलेली शेवटची माणसं या बायकाच उरतात. उल्हासनगरात हे आधीच घडून गेलंय. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी आयांचं गाव मागेच राहिलं, पापड लाटायची रीत तेवढी सोबत आली. तिसरा आक्षेप, की दुःखाच्या घरात वही-पेन काढणं बरं दिसत नाही. नाहीच दिसत. म्हणून ती असतानाच विचारावं, शेवळं निवडताना, तिच्या शब्दांत, मोबाइलवर रेकॉर्ड करून. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि त्यांचं पुस्तक १९५२ साली आलं. गाणी तेव्हा उतरवलेली होती म्हणून आलं.

तेवढंही जमलं नाही, तर निदान फलकावर तिच्या माहेरचं गाव छापा.