सुई दिली, व्यायाम सांगितला नाही

रिसोड तालुक्यात आमची शेती. सोयाबीन आणि तूर, दरवर्षीचंच. दसऱ्याच्या सुमारास सोंगणी लागली आणि उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडाशी अशी कळ निघू लागली, की विळा सोडाच, चहाचा कप उचलवेना. दवाखान्यात कोपर दाबून पाहिलं, "टेनिस एल्बो" म्हणाले आणि स्टेरॉइडची सुई टोचली.

मला आजही राग येतो तो पुढच्याचा. बाई, हाताने दिवसभर करता काय, एवढं कोणी विचारलं नाही. विळ्याची मूठ आवळायची, भाकरीचं पीठ मळायचं, ओल्या चादरी पिळायच्या. मनगट वर उचलणारा स्नायू कोपराच्या हाडाला जिथे चिकटतो, ती जागा याच कामांनी दुखावते. सुईने काही आठवडे बरं वाटे, मग तीच कळ, पुन्हा तीच सुई. दर वेळी पैसे मोजले, व्यायामाचा शब्दही ऐकला नाही. वर सल्ला, हाताला आराम द्या. ऐन सोंगणीत! सचिन तेंडुलकरचं डावं कोपर 2004 साली असंच दुखलं, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. बाईच्या कोपराची चौकशी घरातही होत नाही.

शेवटी अकोल्याच्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेले. तिने आधी काम विचारलं, मग व्यायाम दिला. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. मुठीत पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली. डाव्या हाताने मनगट वर उचलून द्यायचं आणि उजव्याने अगदी सावकाश खाली सोडायचं. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर पाणी कमी करायचं. तिनेच सांगितलं, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या 165 रुग्णांच्या अभ्यासात स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी 54 टक्के जणांचं दुखणं वर्षभरात उलटलं. औषध नसलेली सुई घेतलेल्यांत फक्त 12 टक्के.

तूर घरात येईपर्यंत कळ निम्मी झाली, होळीपर्यंत गेली.

तरीही खरं सांगते, पहिली सुई नसती तर ती सोंगणी झाली नसती. मजूर मिळत नाहीत आणि वाळलेल्या शेंगा तडकून दाणे रानातच सांडतात. पुढच्या हंगामात कळ आली तर सुई नाकारीन, असं छातीठोक सांगवत नाही.

पण बायांनो, दवाखान्यात कोपर दाखवाल तेव्हा आपलं काम आधी सांगा, आणि व्यायाम मागितल्याशिवाय उठू नका.