हात ठेवायला जागा

ओरखडा बरोबर एक वीत लांब आहे. जीपच्या उजव्या मडगार्डवर, पुढच्या कडेपासून बॉनेटच्या दिशेने गेलेला. जानेवारीतल्या एका रविवारी नागपुरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, तिथे तो पडला. या जीपचं मडगार्ड बाकासारखं सपाट असतं, बघणाऱ्याला बसावंसं वाटतंच. एका गृहस्थांनी फोटोसाठी आपल्या मुलाला उचलून त्यावर बसवलं आणि फोटो झाल्यावर खाली ओढून घेतलं. मुलाच्या पट्ट्याचं बक्कल रंगावरून घासत गेलं. त्या वेळी मी गाडीच्या पलीकडच्या बाजूला एकाला काहीतरी सांगत होते. आवाज ऐकून धावले तोवर बापलेक पुढच्या गाडीपाशी पोचले होते.

गाडी १९६४ सालची महिंद्राची सीजे-३बी. बाबांनी ती १९८१ मध्ये सरकारी लिलावात घेतली. त्याआधीची सगळी वर्षं ती आलापल्लीच्या जंगलात राबलेली होती. गाडीचं इंजिन आधीच्या मॉडेलच्या इंजिनापेक्षा उंच, म्हणून बॉनेटही उंच. या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. स्टिअरिंग डाव्या हाताला आहे आणि मागच्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ लिहिलेलं आहे. ती अक्षरं आणि तो फिका हिरवा रंग बाबांनी कधी बदलू दिला नाही. इंजिन दोनदा खोललं, पाटे बदलले, हूड तीनदा शिवून घेतलं. रंगाला मात्र हात लावला नाही.

म्हणून हा ओरखडा मला इतका लागला. नव्याने रंगवलेली गाडी पुन्हा रंगवता येते. मूळ रंग एकदाच असतो. परदेशातल्या नामांकित स्पर्धांमध्ये आता अशा न रंगवलेल्या गाड्यांसाठी ‘प्रिझर्व्हेशन’ नावाचा वेगळा वर्ग असतो, आणि चकचकीत गाड्यांइतकाच तो मानाचा समजला जातो.

प्रदर्शनात गाडी जपण्याच्या गोष्टी मी बाबांकडून आणि चाचांकडून शिकले. चाचा म्हणजे आमचे मिस्त्री. बाबांच्या वेळेपासून या जीपचा नट न नट त्यांच्या हातचा. मैदानावर पोचलं की आधी बॅटरीची एक वायर सोडवायची. हँडब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही, मागच्या चाकांना लाकडी गुटके लावायचे. इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे सरकवायचा, कारण जुनं इंजिन तेलाचे थेंब टाकणारच आणि मैदान आपलं नसतं. आग विझवायचं सिलिंडर ड्रायव्हरच्या सीटशी, हात जाईल असं. वारा असेल तर गाडीवर कव्हर घालायचं नाही. फडफडणाऱ्या कव्हरखाली धूळ शिरली की ते सँडपेपरचं काम करतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कोरड्या फडक्याने धूळ पुसायची नाही, कुणालाही पुसू द्यायची नाही. प्रेमाने फडकं घेऊन येणारी माणसं प्रत्येक प्रदर्शनात भेटतात. त्यांना प्रेमानेच थांबवावं लागतं.

एवढं सगळं करूनही ओरखडा पडलाच. संध्याकाळी गुटके काढताना चाचा म्हणाले, “पुढच्या टाइमाला दोरी बांधू, बेटा. चारी बाजूनं.”

मी हो म्हटलं, पण मनातून पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जीप घरी न नेता आम्ही दक्षिणेकडे निघालो. ही गाडी ज्या रस्त्यांवर झिजली तो मुलूख तिच्यासोबत बघायचा, हे बाबा असताना ठरलं होतं आणि राहून गेलं होतं. आलापल्लीच्याही पुढे, हेमलकशापर्यंत साधारण सव्वातीनशे किलोमीटर. तासाला पंचेचाळीसच्या वर गाडी न्यायची नाही, असं चाचांनी ठरवलं होतं, म्हणजे दोन दिवसांचा प्रवास.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. ती पाटी मानाची आहे. पण ती घेतली की गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. माझी जीप पात्र आहे, तरी मी तो अर्ज केलेला नाही. साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी नव्याने करून घेते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१३ मध्ये ट्यूरिन सनद स्वीकारली. जुनी गाडी रस्त्यावर वापरात राहणं हा तिच्या जतनाचाच भाग आहे, असं तीत स्पष्ट म्हटलंय. मला ते पूर्ण पटतं. सीलं सुकतात, टाकीत गंज धरतो, ब्रेक चिकटतात. उभ्या गाडीचं आयुष्य चालत्या गाडीपेक्षा लवकर संपतं.

वरोऱ्याला चहा घेतला. आनंदवनाच्या फाटकासमोरून जाताना चाचांनी आपसूक गाडी हळू केली. भद्रावती, मग चंद्रपूर. जटपुरा गेटच्या कमानीतून जीप नेली तेव्हा गोंड राजांच्या त्या दगडी दारात इंजिनाचा आवाज असा काही घुमला की दोन्ही बाजूंचे दुकानदार वळून बघायला लागले. रात्री मुक्काम चंद्रपुरातच केला.

सकाळी बल्लारपूर. लाकडाच्या आगारात सागाचे ओंडके रचून ठेवलेले, प्रत्येकाच्या तोंडावर आकडे घातलेले. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी साग इथूनच गेला. कोठारी सोडल्यावर जंगल रस्त्याला चिकटतं. गोंडपिपरीच्या पुढे जीप धक्के खाऊ लागली आणि बंद पडली. पुढे जड ट्रकांची रांग, आम्ही तिच्यामागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत होतो. इंजिन तापलं, पेट्रोल इंजिनाच्या पंपापर्यंत पोचायच्या आतच वाफाळायला लागलं होतं. चाचांनी ओला फडका पंपाभोवती गुंडाळला. वीस मिनिटं सागाच्या सावलीत बसलो आणि हँडल मारल्यावर पहिल्याच फेरीला गाडी सुरू झाली.

आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. खाली चपराळ्याजवळ ही नदी वर्धेला मिळते आणि तिचं नाव प्राणहिता होतं. पुलानंतर मात्र वाट कठीण झाली. सुरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज वाहणारे ट्रक एकामागून एक समोरून येत होते. प्रत्येक ट्रकमागे तांबडी धूळ. दोन तासांत जीप हिरवी राहिली नाही. बॉनेटवर, काचेवर, माझ्या भुवयांवर, सगळीकडे गेरू फासल्यासारखं झालं. रस्त्याकडेच्या झाडांची पानंसुद्धा तांबडी होती. रस्त्याकडेच्या घरांतल्या माणसांना ही धूळ रोज खावी लागते, हे बघून माझ्या ओरखड्याचं दुःख बाजूला पडलं.

मी सवयीने फडकं काढलं. चाचांनी हात धरला. “पुसू नको. ही लोखंडाची धूळ आहे. पुसशील तर सगळी गाडी ओरखडेल. पाणी मिळेपर्यंत राहू दे.”

आलापल्लीला धूळ मागे राहिली. भामरागडच्या रस्त्यावर काही किलोमीटर गेल्यावर ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ची पाटी दिसते. महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ. जुन्या सागाचा एक तुकडा इथे कुऱ्हाडीपासून राखून ठेवला आहे. आम्ही इंजिन बंद करून आत चालत गेलो. एका खोडाला मी आणि चाचा दोघांनी कवेत घ्यायचा प्रयत्न केला, हात पुरले नाहीत. ही झाडं दाखवायची म्हणूनच राखली आहेत, आणि माझ्यासारखीने त्यांना मिठी मारली म्हणून त्यांचं काही बिघडत नाही. सालीवर कोणी चाकूने नाव कोरलं तर बिघडतं. दोन्ही हातच. फरक हाताला काय सांगितलेलं आहे त्यात आहे, असं काहीसं तिथे मनात आलं. नीट मांडता आलं नाही.

पेरमिली, ताडगाव. संध्याकाळी हेमलकसा.

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांच्या या प्रदेशात आयुष्य घातलं. तेव्हा इथे वीज नव्हती, पावसाळ्यात नाले भरले की महिनोन्‌महिने वाट बंद. आमची जीप त्याच काळात आलापल्लीच्या जंगलात फिरत होती. ती इथवर आली असेल का, हे कोणत्याच कागदावर नाही. पण ही माती तिच्या चाकांना अनोळखी नाही, एवढं नक्की.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राणी बघायला गेलो. हे अनाथालय सुरू कसं झालं ते महाराष्ट्राला माहीत आहे. शिकार केलेली माकडीण घेऊन माडिया निघाले होते, तिला बिलगलेलं पिल्लू जिवंत होतं. प्रकाशभाऊंनी ते मागून घेतलं. मग लोक जंगलातली पोरकी पिल्लं आणून देऊ लागले. अस्वलं, बिबटे, तरस, कोल्हे, साळिंदर, मगरी. जुन्या फोटोंत बिबट्या अंगणात हिंडताना दिसतो. आता प्राणी पिंजऱ्यांत असतात आणि माणसं बाहेरून बघतात.

आमच्यासोबत पन्नासेक माणसांचा सहलीचा जथा होता, निम्मी लहान मुलं. प्रकल्पातले एक कार्यकर्ते पुढे चालत होते. मी प्राणी कमी आणि त्यांनाच जास्त बघत राहिले. ते पिंजऱ्यापाशी थांबायचे, गर्दी अर्धवर्तुळात उभी राहीपर्यंत काहीच बोलायचे नाहीत. मग त्या एका प्राण्याची हकिगत सांगायचे. आवाज अगदी खालचा. तो ऐकण्यासाठी सगळ्यांना गप्प राहावं लागायचं. ‘हात लावू नका’ असं ते एकदाच, सुरुवातीला म्हणाले. एका बाईंनी मुलाला कठड्यावर चढवायला उचललं, तेव्हा बोलता बोलता ते मुलाशेजारी जाऊन उभे राहिले आणि त्याला विचारलं, “साळिंदराचे काटे मोजलेस का?” मूल खाली उतरून मोजायला लागलं.

मी नागपूरच्या मैदानावर काय करत होते ते आठवलं. गाडीच्या एका कोपऱ्यात उभं राहून एकेका माणसाशी बोलत होते, आणि बाकीच्या दहाजणांचे हात रिकामे होते.

नाक्यावरच्या टपरीपाशी जीप उभी होती. परत आलो तेव्हा सात-आठ मुलं तिच्याभोवती जमलेली. धुळीत बोटांनी मोर काढला होता, अगदी ओरखड्याच्या शेजारी. माझा जीव वर-खाली झाला. धुळीत फिरवलेलं बोट म्हणजे त्या लोखंडी कणांनी घासणंच. पण मी ओरडले नाही. चाचांना म्हटलं, हँडल काढा.

इग्निशन बंद ठेवून चाचांनी हँडल बंपरमधून आत घातलं. मी बॉनेट उघडलं. मुलांतला सगळ्यांत उंच मुलगा पुढे आला. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला वेढा घालायचा नाही, नाहीतर इंजिनाने उलटा झटका दिला की अंगठा मोडतो, हे चाचांनी आधी त्याला दाखवलं. मग त्याने ओढलं. पंख्याची पाती अर्धा फेरा फिरली आणि सगळी मुलं मडगार्ड सोडून पुढे आली. रांग लागली. प्रत्येकाला एक ओढ. ज्याची पाळी नव्हती तो पंख्याकडे बघत होता. अर्धा तास एकाचाही हात रंगावर गेला नाही.

“चालते का जी ही?” टपरीवाल्यांनी विचारलं.

“नागपूरवरून चालत आलीय,” चाचा म्हणाले.

दुपारी भामरागडला गेलो. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती तिथे एकत्र येतात. पलीकडचा किनारा छत्तीसगडचा. गाडी काठापासून लांब ठेवून आम्ही बादल्यांनी पाणी वर आणलं, तेलाचा थेंब नदीत जायला नको म्हणून. आधी नुसतं पाणी, वरून खाली, कुठेही न घासता. पहिल्या बादल्यांचं पाणी चहासारखं तांबडं उतरलं. सहाव्या बादलीला ते स्वच्छ आलं, तेव्हा चाचांनी ओलं मऊ कापड माझ्या हातात दिलं.

मोर गेला. त्याच्या जागी अगदी बारीक, उन्हात कलतं धरल्यावरच दिसतील अशा दोन-तीन रेघा उरल्या. शेजारचा ओरखडा मात्र उघडा पडला होता, तळाशी पत्रा चमकत होता आणि कडेला तांबडी धूळ अजून चिकटून होती. चाचांनी काडीला कापूस लावून ती काढली, जागा पूर्ण सुकू दिली आणि गंज धरू नये म्हणून बोटाच्या टोकाने मेण भरलं.

“नागपूरला गेल्यावर कंपाउंड मारून घेऊ का?” त्यांनी विचारलं.

“नको. राहू दे. दोरी पण नको,” मी म्हटलं. “पुढच्या प्रदर्शनात तुम्ही हँडलपाशी उभे राहा.”

चाचांनी बादली उपडी केली, कापड पिळून हूडच्या दांडीवर वाळत घातलं आणि चाकाखालचे गुटके काढायला गेले.