रुंदीकरणात गेलेलं

कडेचे निंब. सुरत-नागपूर महामार्गानं धुळ्याहून जळगावला येताना फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल असं एकेक गाव मागे पडे आणि सावली अधूनमधून का होईना, सोबतीला असे. खोडाला गेरू-चुन्याचे पट्टे, त्यावर काळ्या रंगात झाडाचा क्रमांक. झाडं पाडली तेव्हा ओंडक्यांवर ते क्रमांक तसेच शाबूत होते. मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तिथे सावली असेल तरच माणूस पायी चालतो. निंब गेले आणि किलोमीटरभर अंतरावर पायी जाणारं पोर मोटरसायकलवर बसलं.

साइडपट्टी. डांबराच्या कडेची, मुरमाची. सायकल, बैलगाडी, शेळ्या, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई, सगळ्यांची वाट तीच. आता डांबर गटारीपर्यंत भिडलंय.

पलीकडे जाणं. जळगावात खोटेनगर ते कालिंकामाता मंदिर हा महामार्ग गावाच्या पोटातून जातो. अर्धं गाव इकडे, अर्धं तिकडे. मध्ये डिव्हायडर आला. पहाटे एक दूधवाला बघावा. सायकल डिव्हायडरला टेकवायची, दोन्ही कॅन उतरवून पलीकडे ठेवायचे, मग सायकल उचलून न्यायची आणि कॅन पुन्हा अडकवायचे. एवढा वेळ दोन्ही अंगांनी ट्रक चालू. ज्यांच्याकडे स्कूटर आहे ते लांबचा वळसा घेतात किंवा उलट्या बाजूनं घुसतात. प्रभात चौकाला बोगदा झाला, त्यानं सोय झाली, हे मान्यच. पण घरातून निघून महामार्गाला न शिवता बाजारात पोचायचं तर समांतर रस्ता हवा. त्यासाठी जळगावकरांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, उपोषणं केली. याच 53 क्रमांकाच्या महामार्गावर, अमरावती-अकोला टप्प्यात, जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचं डांबरीकरण सुमारे 105 तासांत उरकून गिनीज विक्रम झाला. इथल्या माणसांना तो आकडा फार लागतो.

विनंती थांबा. जिथे उड्डाणपूल झाला तिथे एसटी वरून निघून जाते, गाव खाली राहतं. मग कालीपिली, नाहीतर स्वतःची गाडी. शहरातली सिटी बस तर त्याच्या आधीच बंद पडली होती.

पीजे. पाचोरा-जामनेर नॅरोगेज, 56 किलोमीटर. शेंदुर्णी, पहूरची माणसं तिनं पाचोऱ्याला यायची आणि तिथून मोठी गाडी धरायची. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. आता ब्रॉडगेज होणार आहे. मधल्या वर्षांतले ते सगळे प्रवासी रस्त्यावर आले आहेत, आणि रस्त्यावर गर्दी का, असं आपण विचारतो.

या यादीत एकही वस्तू हौसेची नाही. गाडी न काढता घराबाहेर पडण्याचे हे एकेक मार्ग होते. रुंदीकरणानं रस्त्याला आणखी दोन पदर दिले आणि त्यावर गाडी आणण्यावाचून दुसरा इलाज ठेवला नाही. हे खानदेशातच घडतंय असं नाही. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे 2008 पर्यंत अवाढव्य रुंद केला, काही वर्षांतच संध्याकाळचा प्रवास पूर्वीपेक्षा लांबला. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये तिथल्या शहरांचा हिशेब मांडला: रस्ता एक टक्का वाढला की त्यावरची वाहतूकही जवळपास एक टक्का वाढते. सुरतेहून नागपूरला जाणाऱ्या ट्रकला चौपदरी रस्ता हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण आकाशवाणी चौकात, इच्छादेवी चौकात संध्याकाळी खोळंबतो तो ट्रक थोडाच. खोळंबतात भाजी, शिकवणी आणि दवाखान्याला निघालेल्या दुचाक्या.

वाटांखेरीज आणखी एक गोष्ट गेली: जळगावातल्या मेहरूणची बोरं. हिवाळ्यात बाजारात नुसतं ‘मेहरूणची’ म्हटलं की पुरे. लहान, पिवळी-तांबूस, गोड. तलावाकडचे ते मळे महामार्गापासून हाकेच्या अंतरावर, म्हणूनच त्यांचे प्लॉट झाले. ‘हायवे टच’ असं पाटीवर लिहिलं की बोरीच्या झाडाला किंमत उरत नाही. मोजकी झाडं अजून आहेत.

महामार्गाकडेची जमीन अशी भरली की पुढे काय होतं, ते धुळ्याच्या आग्रा रोडवर दिसतं. मुंबई-आग्रा रस्ता एकेकाळी गावातून जायचा. आज तिथे कापड, भांडी, सराफ, आणि पाय ठेवायला जागा नाही. म्हणून महामार्ग गावाबाहेरून नेला. मग त्याच्या कडेला कॉलन्या उठल्या, मंगल कार्यालयं, शोरूम, दवाखाने आले. पारोळा चौफुलीवर आता बाहेर कुठलं आणि गाव कुठलं ते सांगता येत नाही. बायपासला गावानं गाठलं. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडून येणारा असे तीन महामार्ग जिथे भेटतात त्या शहराला हे आधी कळायला हवं होतं, आणि ते बघून जळगावनं शहाणं व्हायला हवं.

जळगावचा बायपास पाळधी ते तरसोद. त्याच्या दोन्ही हातांना आज केळी आहेत, कपाशी आहे. महापालिका, जिल्हाधिकारी कार्यालय आणि शेत विकायला निघालेले आपण, सगळ्यांना विनंती आहे. ही शेतं बिनशेती करू नका. आणि जुन्या महामार्गावर आणखी एक पदर मागण्याआधी समांतर रस्ते, सिटी बस आणि कडेला निंब, एवढं मागा.