मागं बस आन् धर

आजोबांची मेंढरं माझ्या जन्माआधीच विकली गेली. वडील शिकून सांगलीत नोकरीला लागले आणि माण तालुक्यातलं आमचं गाव यात्रेपुरतं उरलं. आजोबा धनगरी ओव्या गायचे, एवढंच मी ऐकून होतो.

त्यांच्या धाकट्या भावाला, तात्यांना, मी पहिल्यांदा गाताना ऐकलं ते कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आरेवाडीला, बिरोबाच्या बनात. ढोल थांबले, मंडळी घोंगड्यावर बसली आणि तात्यांनी सुंबरान मांडलं. म्हसवडचा सिद्धनाथ, पालीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, एकेका देवाला हाक गेली. मग बिरोबाची कथा लागली. तात्या गायचे, मागं बसलेले गडी त्यांचे शेवटचे शब्द उचलून लांबवायचे. मग गाणं थांबवून तात्या तोच प्रसंग बोलून सांगायचे. पहाटेपर्यंत असंच चाललं.

सकाळी मी वही काढली. तात्या म्हणाले, "लिहून काय करतूस? मागं बस आन् धर."

तेव्हापासून सुट्टी मिळाली की मी गावी जातो आणि मागं धरतो. पुढच्याचा दम कुठं संपतो, तिथं आपला आवाज कसा द्यायचा, हे शेजारच्या माणसाच्या छातीकडं बघूनच कळतं.

घरी मी ओव्या गुणगुणायला लागलो तसे वडील बोलते झाले. पावसाळा सरल्यावर मेंढरं कृष्णाकाठाला उतरायची. शेतकरी वावरात मेंढरं बसवून घ्यायचे, खताच्या मोबदल्यात धान्य द्यायचे. रात्री वाघरीपाशी, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीपाशी, आजोबा गायचे आणि मागं धरायला लहानगे वडील असायचे. हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी अशा ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतल्या दोन, बिरोबाची आणि धुळोबाची, अ‍ॅन फेल्डहाउस यांच्यामुळं २०१४ साली इंग्रजीत पुस्तकरूपानं आल्या. हे काम फार मोलाचं आहे. पण ओवी चालू राहते ती मागं धरणाऱ्यांच्या जिवावर, आणि तीच माणसं आता कमी पडताहेत.

माण, आटपाडी, जतमधून शहरात गेलेल्या घरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तुमच्या गावात कुणी गाणारं असेल, तर पोरांना घेऊन जा आणि त्यांच्या मागं बसा. यंदा आरेवाडीला मी वडिलांनाही नेणार आहे.